काठाला दिवे लावायला गेलो आणि जरीनं चटका दिला

धावदोरा

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसतंच वाचत होतो, पहिल्यांदा धागा काढतोय. विषयही धाग्याचाच आहे.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझं शिवणाचं दुकान आहे. ब्लाऊज, फॉल-पिको, आणि गौरी-गणपतीच्या आधी महिनाभर शिवलेल्या नऊवाऱ्या. आमच्या गल्लीतल्या बारा जणींचा झिम्मा-फुगडीचा संघ आहे. यंदा त्यांच्या डोक्यात आलं की शेवटच्या फेरीला मंडपातले दिवे घालवायचे आणि अंधारात फक्त साड्यांचे काठ उजळायचे. ठरवलं त्यांनी, आणि काम आलं माझ्या गळ्यात. "तुझ्याकडं मशीन हाय, तूच बग."

मला यातलं ओ की ठो येत नव्हतं. भाच्यानं थोडं सामान आणून दिलं: पांढरे एलईडी, करंट आवरणारे रेझिस्टर, वीज नेणारा स्टीलचा दोरा, तीन पेन्सिल सेल बसतील अशी स्विचची डबी. त्यानं सांगितलं ते असं. एलईडीचा लांब पाय प्लस, आखूड पाय मायनस. कापडावर दोन समांतर ओळी धावदोऱ्यानं घालायच्या, एक प्लसची, एक मायनसची. मधे शिडीच्या पायऱ्यांसारखे एलईडी आणि प्रत्येकाला एक रेझिस्टर. एवढं कळल्यावर मग काय, सुई तर माझ्याच हातात. मांजरपाटाच्या वीतभर तुकड्यावर पाच दिवे शिवले, स्विच दाबला, लखलख. दुकानात बसलेल्या गिऱ्हाईक बाईनं टाळ्या वाजवल्या.

मग हुशारी नडली. नमुना दाखवायचा तर चांगल्या साडीवर दाखवावा म्हणून आजेसासूबाईंची जुनी नऊवारी काढली. हातभर रुंद पदर आणि भरगच्च काठ. तेच पाच दिवे काठावर शिवले, डबीच्या वायरी काठाशीच बांधल्या, साडी नेसून डबी कमरेला खोचली आणि सगळ्यांना बोलावून स्विच दाबला.

एकही दिवा लागला नाही. स्विच वर-खाली करतोय तोवर कमरेला चटका बसला. डबी उपसून फेकली तर आतल्या स्प्रिंगेजवळचं प्लास्टिक मऊ पडलेलं आणि करपट वास. साडी वाचली. कमरेवर रुपयाएवढा डाग आहे.

तेच दिवे, तोच दोरा, तेच सेल. तुकड्यावर चाललं ते साडीवर का चाललं नाही? स्पर्धेला पाच आठवडे आहेत.

वर्गणी_नको

८० रुपयांत फेअरी लाईटची तयार माळ मिळते. काठाला टाचणीनं लावा आणि मोकळे व्हा. उगाच कशाला उद्योग?

रंकाळाकाठ

काकू, काठ खऱ्या जरीचा असणार. जर म्हणजे धातूच. तुम्ही प्लसची आणि मायनसची ओळ एकाच धातूच्या पत्र्यावर शिवली. करंटला एलईडीतून जायची गरजच उरली नाही, तो जरीतून सरळ परत गेला. शॉर्ट झालं. तीन पेन्सिल सेल शॉर्ट केले की काही अँपिअर सहज वाहतात आणि सेल, स्प्रिंग, वायर सगळं तापतं.

मल्टीमीटर, म्हणजे वीज तपासायचा मीटर, आहे का? बीपवर ठेवा आणि दोन्ही टोकं काठावर हातभर अंतरावर टेका. वाजला तर जरच दोषी.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लागेल ती मदत करतो.

पेठेतला_पुणेकर

धावदोरा साहेब, लेखन आवडले. पण आपण स्वतः नऊवारी नेसून प्रात्यक्षिक दिलेत हे वाचून कौतुकमिश्रित आश्चर्य वाटले.

धावदोरा

साहेब नव्हे, बाई. कोल्हापुरात बायकाही "येतो, जातो" म्हणतात. माझी आईपण म्हणायची आणि लेकपण म्हणते. पुण्यात राहून एवढं ठाऊक नाही?

@रंकाळाकाठ, मीटर शेजारच्या वायरमनकडून आणला. जुन्या साडीच्या काठावर हातभर अंतरावर टोकं ठेवली आणि बीप! हातभराला २ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) आतच आकडा येतोय. मग संघाच्या बारा साड्यांतली एक घेतली, बाजारातली नवी, काठ जुनीपेक्षा जास्त चमकणारा. टोकं काठावर अगदी जवळजवळ ठेवली तरी मीटर मुका. म्हणजे ज्या साड्यांवर काम करायचं होतं त्यांच्यावर काही झालंच नसतं. घरातली एकुलती एक खरी साडी काढली आणि तिथंच चटका खाल्ला.

@वर्गणी_नको, माळ आधी आणून बघितली. तांब्याची उघडी तार असते. फुगडीला एक गिरकी घेतली की पायात. शिवाय बारा जणींच्या बारा तऱ्हेच्या पांढऱ्या रंगाच्या माळा आल्या, एक निळसर, एक पिवळट.

इचलकरंजीकर

घरी यंत्रमाग आहेत, म्हणून जरीबद्दल थोडं.

बाजारात तीन तऱ्हेची जर दिसते. खरी जर म्हणजे रेशमाच्या दोऱ्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा. दुसरी तांब्याची, वर चांदीचा मुलामा. तिसरी म्हणजे आजकाल सगळीकडं असते ती प्लास्टिकची. पॉलिएस्टरच्या पातळ पट्टीवर धातूची वाफ बसवतात आणि वर लॅकरचा थर देतात. तो थर वीज अडवतो, म्हणून ताईंचा मीटर मुका राहिला. एक सुटा दोरा काढून मेणबत्तीवर धरा. आक्रसून गोळा झाला तर प्लास्टिक. पण दोराच धरा, साडी धरू नका.

आता दिशेचं. काठात जर ताण्यात असते, म्हणजे साडीच्या लांबीनं धावते. म्हणून काठ लांबीला वाजणार. पदरावर मात्र जर बाण्यातून, म्हणजे आडवी घातलेली असते. मधल्या सुट्या बुट्ट्या मागं कातरल्या असतील तर एक बुट्टी दुसरीशी बोलत नाही. पण काठ आणि पदर जिथं भेटतात तिथं उभी-आडवी जर एकमेकीवर घासते. तिथं सगळा भाग एकच पत्रा समजा.

रंकाळाकाठ

दादा, हे वाचून लय भारी वाटलं, कारण हीच गोष्ट अमेरिकेत संशोधनाचा विषय झालीय. १९९७ च्या सुमारास एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये एक जीनचं जॅकेट केलं होतं. छातीवर भरतकामानं काढलेला कीपॅड, तो दाबला की जॅकेटातून सूर यायचे. कापडावर सर्किट करायला त्यांनी सुरुवातीला काय वापरलं? ऑर्गन्झा. ताण्यात नुसतं रेशीम आणि बाण्यात धातू गुंडाळलेला दोरा, भारतात पूर्वापार विणतात तो. करंट फक्त एका दिशेनं जातो, शेजारच्या दोऱ्यात उडी मारत नाही. म्हणजे कापडच आयती फ्लॅट केबल, शेजारी शेजारी वायरींची चपटी पट्टी.

नंतर लिआ बीकली या बाईंनी शिवता येईल असा आर्डुइनो बोर्ड (प्रोग्रॅम घालता येतो असं छोटं सर्किट) केला, लिलीपॅड नावाचा. २००७ मध्ये तो बाजारात आला. गोल, फुलासारखा, कडेला भोकं. भोकातून वाहक दोरा ओवायचा, सोल्डर (धातू वितळवून केलेला जोड) नको. आर्डुइनो स्वतः त्याच्या दोनच वर्षं आधीचा, इटलीतल्या इव्हरेआ गावचा.

धावदोरा

म्हणजे इतकी वर्षं जे आपण बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला ते फ्लॅट केबल होतं म्हणा की! आणि गल्लीतून "जुन्या जरीच्या साड्याऽऽ" ओरडत जाणारा माणूस चांदी वितळवायला घेऊन जातो ते वेगळंच.

माझ्या डोक्यात आता उलटंच आलंय. काठातली जर वीज नेते ना, मग तिलाच कामाला लावू. जीर्ण साडीचा काठ उसवायचा, त्याच्या दोन पट्ट्या, एक प्लस, एक मायनस. मधे खणाचं कापड. नव्या साडीला हात लावायचाच नाही, वेगळा पट्टा करून वरून लावायचा. जमेल का?

उद्यमनगरचा_फिटर

जमेल. पण आधी हिशेब करा, सुई नंतर.

ताईंनी वापरला तो स्टीलचा दोरा फुटाला १० ओहमच्या आसपास भरतो. पाच फुटांचा पट्टा म्हणजे जायला ५०, यायला ५०, झाले १०० ओहम. पट्ट्याच्या टोकाला एकच एलईडी लावला आणि तो १० मिलिअँपिअर घेतोय म्हटलं तरी वाटेतच १ व्होल्ट गेला. आणि एका पट्ट्यावर तुम्ही लावणार, समजा, बारा. पहिले दोन-तीन लागतील, पुढचे काजव्यासारखे, शेवटचे दिसणार पण नाहीत. वीतभर तुकड्यावर हे कळत नाही, म्हणून तिथं सगळं छान वाटतं. स्टीलचा दोरा फक्त टाका घालायला वापरायचा, लांब वाट त्याला चालायला लावायची नाही. आणि त्याला डाग देत बसू नका, स्टीलवर साधं सोल्डर धरत नाही.

जरीचा काठ हातभराला २ ओहमच्या आत असेल तर पाच फुटाला ६-७ ओहम. चालतंय. त्यातही डबी पट्ट्याच्या टोकाला नको, मधोमध जोडा. दोन्हीकडं अडीच फूटच जायचं. तशीही डबी कमरेलाच येणार.

रेझिस्टर: तीन सेलचे साडेचार व्होल्ट, पांढरा एलईडी तीन खातो, उरला दीड. १५० ओहम लावला की १० मिलिअँपिअर. अंधारात तेवढं बास. बारा दिव्यांचे १२०. अल्कलाईन पेन्सिल सेलवर रात्रभर झिम्मा खेळा.

दिवे सगळे एकाच रंगाचे घ्या. कुणी हौशीनं रेझिस्टर न लावता लाल आणि पांढरा एकाच शिडीत जोडला तर फक्त लालच लागतो. लाल दोन व्होल्टला उघडतो, पांढऱ्याला तीन लागतात. लाल सगळं खाऊन बसतो, पांढरा उपाशी.

आणि डबीच्या तोंडाशी पॉलीफ्यूज. जास्त करंट गेला की तापून वाट बंद करतो, थंड झाला की परत चालू. काही रुपयांची वस्तू आहे. ती लावली असती तर कमरेला डाग पडला नसता. हे ऐच्छिक नाही, लावायचाच.

हुपरीची_चांदी

आमच्याकडं या, पैंजणाची बारीक चांदीची तार देतो. चांदी तांब्यापेक्षाही चांगली वीज नेते, डाग पण झकास धरते.

उद्यमनगरचा_फिटर

भाव बघितलाय का दादा चांदीचा? दिव्यांपेक्षा संघावर पहारा ठेवायला लागेल.

रंकाळाकाठ

काकू, एलईडी एकेक शिवण्यापेक्षा डब्ल्यूएस२८१२बीची पट्टी घ्या ना. प्रत्येक दिव्यात चिप, तीन रंग, एकाच डेटा वायरवर सगळे. हवा तो रंग, लाट पळवा, टाळीला चमकवा. प्रोग्रॅम मी लिहितो.

आणि एक कल्पना आहे. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होतो, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी पायावर, मग छातीपर्यंत, मग चेहऱ्यावर. तसाच उजेड साडीवर पायापासून खांद्यापर्यंत तीन टप्प्यांत चढवायचा. झिम्म्याच्या शेवटाला काटाकिर्र!

धावदोरा

कल्पना चांगली आहे लेकरा, पण देवीचं देवीपाशी राहू दे. फुगडी घालताना कुणाचा पाय घसरला तर वर्षभर ऐकून घ्यावं लागेल.

उद्यमनगरचा_फिटर

पिक्सेलचा हिशेब पण ऐक. एक पिक्सेल, म्हणजे त्या पट्टीतला एक दिवा, पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो. तीस पिक्सेलचे झाले १.८ अँपिअर. बारा बायकांच्या कमरेला एवढा करंट बांधायचा नाही. उजेड पाचव्या हिश्शावर आणला तर चालतं, अंधारात डोळ्याला फरक फारसा कळत नाही. पण मग वायर जाड, कंट्रोलर वेगळा, डेटा लाईनला ३००-५०० ओहमचा रेझिस्टर, सप्लायवर मोठा कपॅसिटर. एकासाठी कर, बारांसाठी पाच आठवड्यांत नको.

रंकाळाकाठ

पॉवर बँकेवर चालवलं असतं.

उद्यमनगरचा_फिटर

ते पण करून बघ. बऱ्याच पॉवर बँका कमी करंट दिसला की "फोन भरला" समजून आपणहून बंद पडतात. भर झिम्म्यात अंधार.

आजीचा_बटवा

मी नर्स आहे, लहान मुलांच्या वॉर्डात काम केलंय. वरच्या चर्चेत बटन सेल अजून आला नाही म्हणून आत्ताच सांगते. कुणीतरी "डबी मोठी दिसते, नाण्यासारखा सेल लावू" म्हणणार आहे. लहान मुलं घरात असतील तर लावू नका, आणि लावलाच तर झाकण स्क्रूनं बंद होणाऱ्या डबीत. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर लाळेशी मिळून आतलं मांस भाजत जातो, दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. मूल रडतंय, लाळ गाळतंय, गिळत नाही, एवढंच दिसतं. संशय जरी आला तरी तडक दवाखाना गाठायचा, उलटी करवायची नाही.

दुसरं, मोबाईलमधून काढलेली चपटी बॅटरी कपड्यात शिवू नका. सुई गेली तर संपलं. पेन्सिल सेल ओबडधोबड दिसतात पण सोसतात.

तिसरं, कुणी हेच दिव्यांचे कपडे घालून त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर जाणार असेल तर कापड सुती ठेवा. घाटाच्या पायऱ्यांवर चहूकडं पणत्या असतात. नायलॉनची झालर आणि पणती यांची भेट मी वॉर्डात पाहिली आहे.

धावदोरा

ताई, धन्यवाद. संघात दोघींची नातवंडं कडेवरची आहेत. बटन सेल बाद.

चप्पललाईन

अवांतर आहे, माफी असावी. लहान मुलांच्या लाईटच्या बुटात असतो तसला स्प्रिंगचा स्विच काढून मी कोल्हापुरी चपलेच्या टाचेत बसवला. आत एक बारीक स्प्रिंग असते, पाऊल आपटलं की हलते आणि दांडीला शिवते, तेवढ्यापुरता दिवा लागतो. तळाच्या दोन चामड्यांमधे खाच मारली, चामड्याच्या वादीनंच परत शिवलं. चालताना कर्रकर्र वाजते आणि चमकते पण. वडिलांनी बघितली आणि म्हणाले, "२०१९ ला चपलेला जीआय मानांकन मिळालं ते ह्याच्यासाठी नव्हं."

पेठेतला_पुणेकर

+१ वडिलांना.

धावदोरा

तीन आठवड्यांचा हिशेब देतो. झोप कमी झाली, पण पट्टा झाला.

जरीचं गाठोडं गोळा करायलाच आठवडा गेला. घराघरातल्या ट्रंका उपसल्या. मीटर घेऊन दारोदार फिरणारी मी एकटीच शिंपीण असेन. "बाई, आमच्या साडीचं काय तपासायला आलाय?" अर्ध्या साड्या मुक्या निघाल्या. एका काकूंना तर लग्नातला शालू खऱ्या जरीचा नाही हे माझ्या मीटरनं कळलं. त्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. शेवटी तीन फाटक्या साड्या मिळाल्या, त्यातून सात पट्टे होतील एवढीच जर निघाली. उरलेले पाच पट्टे मऊ सिलिकॉन वायरीवर केले.

पट्टा असा शिवला. खाली मांजरपाटाचं अस्तर, त्यावर बकरम, म्हणजे पट्टा वळतो पण चुरगळत नाही. बकरमवर दोन काठ, मधे दोन बोटं खण. काठ कापला की कडेचे जरीचे दोरे सुटतात. केसासारखा एक सुटा दोरा पलीकडं गेला की पुन्हा शॉर्ट, म्हणून कडा आत दुमडून बारीक टीप मारली. साध्या दोऱ्यानं, कारण स्टीलचा दोरा मशीनमधे वर घातला की ताण सांभाळत नाही, तुटतो. तो हातानंच.

एलईडीच्या पायांना बारीक पकडीनं वळसा द्यायचा, नथीच्या तारेला देतात तसा. एक वळसा वरच्या जरीवर. दुसऱ्या पायाला रेझिस्टर, त्याच्या मोकळ्या टोकाला वळसा, तो खालच्या जरीवर. मग स्टीलच्या दोऱ्यानं प्रत्येक वळशावर सहा-सात घट्ट टाके, काज करताना घालतो तसे. सैल टाका म्हणजे लुकलुकणारा दिवा. गाठ मारली की ती उकलत जाते, स्टील घसरडं असतं. त्यावर बिनरंगी नेलपॉलिशचा थेंब ठेवला, सुकला की गाठ जागची हलत नाही. हे मला भाच्याच्या मैत्रिणीनं सांगितलं. प्रत्येक एलईडी शिवला की लगेच मीटर लावून बघायचं. बारा झाल्यावर चूक शोधायची म्हणजे उडदातले खडे निवडायचे.

डबी जोडायला दोन टिचबटणं. धातूची बटणं आपणच वीज नेतात, वेगळा प्लग कशाला! एक नर, एक मादी असं उलटसुलट लावलं म्हणजे प्लस-मायनस चुकून उलटं लागत नाही. साडीवर पट्टा बसवायला वेगळी प्लास्टिकची बटणं. कार्यक्रम झाला की पट्टा काढायचा, साडी धुवायला मोकळी. पट्टा धुवायचा झाला तर डबी काढून थंड पाण्यात हलकेच, पिळायचा नाही, उन्हात पूर्ण वाळेपर्यंत डबी लावायची नाही.

परवा पहिली पूर्ण तालीम. पहिल्या फुगडीला दोन पट्टे गेले. दोष जरीचा नव्हता. डबीच्या वायरी ताणल्या गेल्या आणि टाक्यापाशी तुटल्या. वायरीला एक सैल वळसा ठेवून तो अस्तराला टाचला, म्हणजे ओढ वळशावर येते, जोडावर नाही. ब्लाऊजच्या नाडीला लटकन लावताना जे करतो तेच.

दुसरं म्हणजे घाम. तासभर झिम्मा झाल्यावर कमरेकडचे दिवे मंद. पट्टा आतून ओला चिंब. घामात मीठ, त्यातून थोडी वीज गळते. आता आतल्या बाजूनं रेनकोटचं पातळ कापड लावतोय.

उद्यमनगरचा_फिटर

वायरीचा वळसा वाचून समाधान वाटलं. आमच्याकडं पंचवीस वर्षं मशीनच्या केबलला हेच सांगतोय, पोरं ऐकत नाहीत.

घामाचं दुसरं नुकसान सावकाश दिसेल. तांब्याच्या जरीवर हिरवट थर येईल, चांदी काळी पडेल. हंगाम संपला की कोरडे करून ठेवा, डबीतून सेल काढून ठेवा.

पॉलीफ्यूज लावला का? त्याचं नाव पूर्ण पोस्टमध्ये दिसलं नाही.

धावदोरा

लावला हो काका. बारा डब्यांना बारा.

वर्गणी_नको

एक पट्टा किती रुपयांना पडला?

धावदोरा

सेल सोडून सामानाचे दीडशे-पावणेदोनशे. मजुरी धरली तर विचारू नका. एका पट्ट्याला दोन दुपारी.

रंकाळाकाठ

काकू, तुमच्या बारा जणींना सांगा, हे काही आजचं खूळ नाही. १८८२ साली लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात नाटकातल्या पऱ्यांच्या डोक्यावर बॅटरीचे दिवे होते. आणि १९५६ मध्ये जपानच्या अत्सुको तनाका या चित्रकार बाई रंगीत बल्बांचा झगा करून स्वतः घालून उभ्या राहिल्या होत्या. घरच्या विजेवर!

धावदोरा

घरच्या विजेवर? मग माझा कमरेचा डाग काहीच नाही.

धावदोरा

काल स्पर्धा झाली. दुसरा नंबर. पहिला ज्यांना गेला त्यांनी घागर फुंकली, त्यांच्यापुढं कुणाचंच चाललं नसतं, तेव्हा तक्रार नाही.

मंडपातले दिवे गेले आणि बारा काठ एकदम उजळले तेव्हा मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. जरीवरच्या सात पट्ट्यांत एक गंमत दिसली जी आधी लक्षात आली नव्हती. दिव्याचा उजेड जुन्या जरीवर पडून पिवळा होतो. वायरीच्या पाच पट्ट्यांचा उजेड पांढराच राहिला. लांबून दोन तऱ्हेचे काठ दिसत होते. कुणी विचारलं तर मुद्दाम केलंय म्हणून सांगायचं ठरलंय.

पण खरी गोष्ट पुढं. शेवटच्या फुगडीला आमच्या एका वहिनींचा पट्टा सारखा विझायचा आणि पेटायचा. गिरकीला एकदा, गिरकीला एकदा, अगदी तालात. लोकांना वाटलं ही खास करामत आहे, टाळ्या त्यांनाच जास्त. माझा मात्र जीव खालीवर, कारण तो चटका आठवत होता. उतरल्या उतरल्या डबीला हात लावला. कोमट, एवढंच.

घरी येऊन पट्टा टेबलावर घेतला. मीटर लावला, सगळं ठीक. सेल घातले, बाराच्या बारा दिवे लागले. अर्धा तास उलटसुलट बघितला. मग वहिनींना काल नेसल्या होत्या तशाच सगळ्या दागिन्यांसकट परत उभं केलं. कंबरपट्टा! तालमीला कुणी दागिने घालत नाही. काल सगळ्याजणी नटून आल्या. वहिनींचा कंबरपट्टा गिरकीला वर सरकायचा आणि दोन्ही टिचबटणांवर आडवा बसायचा. म्हणजे पहिल्या दिवशी जरीनं केलं तेच काल कंबरपट्ट्यानं केलं. फक्त यावेळी काकांचा पॉलीफ्यूज मधे होता.

आता बटणांवर कापडाची झडप शिवतोय, खिशाला असते तशी.

उद्यमनगरचा_फिटर

सांगितलं होतं ना, ऐच्छिक नाही म्हणून.

कंबरपट्टा चांदीचा होता का?

धावदोरा

नाही हो. वन ग्रॅमचा.

हुपरीची_चांदी

मग आमचा त्याच्याशी काही संबंध नाही.